आकडा

सुकती लागली की सफुरा खलफे
खाडीत उतरते गुडघाभर,
पायाच्या बोटांनी चिखलात तिसऱ्या चाचपते.
गेल्या पौषात बोटाला तिसरी लागली नाही,
तार लागली.
काळी, बोटभर, मधोमध दुमडलेली.
तिनं ती पदराला पुसली, दातांत धरून पाहिली,
आणि सुटत्या अंबाड्यात खोचून दिली
आकडा म्हणून.

मी पोस्टातला. बत्तीस वर्षं दाभोळ,
मध्ये दोन मंडणगड, ती शिक्षा म्हणून.
माझ्याकडे अशा चार आहेत, चार पाकिटांत,
पाचव्या पाकिटावर नुसतंच नाव घालून ठेवलेलं:
लारी.
बंदराचं नाणं. गोल नाही, वाटोळं नाही,
चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा.
घोडे उतरायचे, कापड चढायचं,
तेव्हा हिच्या जुड्या मोजल्या जात ह्याच काठावर.
एका वाट्याचे पैसे देता देता
पाटीखाली मला ती दिसली
आणि सुटे मोजायचे राहिले.

किंमत बोललो. दुप्पट बोललो.
"इकायचा नाय," ती म्हणाली,
"मग केस कोन धरील माझे, पोस्टमास्तर?"
पण अर्धा तास दिला.
धक्क्याच्या कठड्यावर बसून राहिली
केस मोकळे सोडून, तिसऱ्यांवरच्या माश्या वारत.

पावणेपाच ग्रॅम भरली
रेवणकर सोनाराच्या काट्यावर.
(तो म्हणाला, आजोबांनी असल्या ओंजळभर वितळवल्या,
जोडवी केली. मी ऐकलं नाही असं केलं.)
भिंग लावलं. मला त्या लिपीतले अंकच येतात,
अक्षरं तिनं वाचली, मोहल्ल्यातल्या मदरशाच्या जोरावर:
"हा अली. म्होरं अर्धाच हाय."
आणि दुसऱ्या पात्यावर साल.
एक काठी. एक टिंब. एक उघडा चिमटा.
एक, शून्य, सात.
मग तारेची कड,
मग खाडी.

शेवटचा आकडा ह्या आकड्यावर नाही.
झिजला नाही, तुटला नाही,
ठसा रुंद, तार अरुंद,
तो पडलाच नव्हता कधी.

रात्री हिशेब मांडला.
हिजरी एक हजार सत्तर ते एकोणऐंशी,
म्हणजे सोळाशे एकोणसाठ ते एकोणसत्तर.
दहा वर्षं, तीही चंद्राची,
साडेतीन महिने त्यांतून गळतात सूर्याच्या मापानं,
रमजान पावसातून उन्हाळ्यात सरकतो.
माझं पेन्शन एक तारखेला येतं, काहीही झालं तरी.
खाडीचं तसं नाही. ती रोज दोन घटका मागे,
अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग.
ह्या नाण्याचं साल आणि सफुराची सुकती
एकाच चंद्राकडून पगार घेतात.
मीच तेवढा परका.

कोण असेल तो, हातोडा मारणारा?
घाम, कोळसा, वर कोणीतरी ओरडणारा,
गलबत भरतीवर सुटणार.
ठसा वाकडा गेला. जाऊ दे. पुढची तार.
मला माहीत आहे ते.
चारची थैली, बाहेर एसटी हॉर्न देतेय,
आणि माझा शिक्का
अर्धा तिकिटावर, अर्धा टेबलावर.
बत्तीस वर्षांत किती पत्रांची साल
मी त्या सागवानी टेबलाला लावली असतील.
कुणाच्या ट्रंकेत असेल असं एखादं,
कुणी भिंग घेऊन वाकला असेल त्यावर
मला शिव्या घालत.

मनीऑर्डर फॉर्मच्या पाठीवर
पेन्सिलीनं घासून छाप घेतला होता.
तो पाचव्या पाकिटात.
वर लिहिलं:
लारी, चांदी, अली.
साल १०७, पुढे एक टिंब, पेन्सिलीनं,
खोडता यावं म्हणून.
सापडली: वाशिष्ठीच्या चिखलात, पौष.
मुक्काम:

इथे बराच वेळ थांबलो.
मग लिहिलं, सफुरा खलफेचा अंबाडा,
भरतीला घरी,
सुकतीला खाडीत.